बघितलंस, की वाटतंय?

काकूंचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. "वीणा, जरा खाली येतेस का? हे उठत नाहीयेत... गेले असं वाटतंय गं." आवाज अगदी नेहमीचा. दूध संपलंय, तुझ्याकडे आहे का, हे विचारतानाही शैलाकाकू अशाच बोलतात. मी गॅस बंद केला आणि लिफ्टची वाट न बघता दोन मजले उतरले. चीफ कुशीवर झोपले होते, एक हात उशीखाली. मी त्यांच्या कपाळाला हात लावला, मग मनगटाला. आता वाटण्यासारखं काही उरलं नव्हतं. "हो काकू," एवढंच मी म्हटलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी चीफच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

मनोहर टिपणीस हे त्यांचं नाव, पण सिंगापुरातल्या पासिर रिसमधल्या आम्हा मराठी मंडळींत त्यांना त्या नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. उभं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलं, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि किनाऱ्यावरही चीफच राहिले. मूळचे ठाण्याचे सीकेपी, त्यामुळे इथल्या बाजारातल्या चिनी मासेवाल्याशी त्यांचं घरोब्याचं नातं. इथे बतांग म्हणतात ती आपली सुरमईच, हे मिरजेहून आलेल्या माझ्यासारख्या शाकाहारी बाईलाही त्यांनी शिकवून ठेवलं होतं, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. एकाच ब्लॉकमध्ये ते सातव्या मजल्यावर आणि आम्ही नवव्या. माझा नवरा नोकरीपायी निम्मा महिना जकार्तात असतो. त्यामुळे नळ गळला, वीज गेली, माझ्या मुलीला, रेवाला, ताप आला की पहिला फोन चीफना. आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "फ्यूज उडालाय, चीफ." "बघितलंस, की वाटतंय?" पहिल्या वर्षी मला या प्रश्नाचा इतका राग यायचा की फोन आपटावासा वाटे. मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, दिवसभर दुसऱ्यांना हेच विचारत असते. पण आपण विचारणं वेगळं आणि आपल्याला विचारलं जाणं वेगळं.

या प्रश्नाचं मूळ त्यांच्या उजव्या मनगटावर होतं. तरुणपणी एका बोटीवर वाफेच्या पाइपाचं काम करताना त्यांनी वर हाक मारून विचारलं, व्हॉल्व्ह बंद आहे ना? वरून उत्तर आलं, "बंद आहे, वाटतं." चीफनी 'बंद आहे' तेवढंच ऐकलं. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी त्यानंतर कधी पूर्वीसारखी झाली नाही. तेव्हापासून 'वाटतं' हा शब्द कानावर पडला की ते थांबायचे. काकूंनी "मीठ जास्त झालंय वाटतं" म्हटलं तरी थांबायचे. काकू म्हणायच्या, "चाळीस वर्षं मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच स्वयंपाक करतेय."

गेल्या वर्षी तो अमेरिकेतला खटला सुरू झाला. तलावावर मोटरबोट घेऊन गेलेलं एक जोडपं, परत आला एकटा नवरा. ती तोल जाऊन पडली, असं त्याचं म्हणणं; त्याने ढकललं, असं सरकारी पक्षाचं. कोर्टाचं सगळं कामकाज टीव्हीवर दाखवत होते आणि निम्मं जग ते बघत होतं. आपल्याकडच्या वाहिन्यांवरही रोज संध्याकाळी चर्चा झडत होत्या, हे वाचकांना आठवत असेल. आमच्या मंडळींनाही त्याचं वेड लागलं. तिकडे दिवस तेव्हा आमच्याकडे रात्र, म्हणून आठवड्याचं कामकाज शनिवारी संध्याकाळी चीफच्या हॉलमध्ये एकत्र बसून बघायचं असं ठरून गेलं. मोठा टीव्ही त्यांच्याकडेच होता, आणि काकूंचा चिवडाही. आरोपीला आम्ही 'होडीवाला' म्हणायचो, सरकारी वकील बाईला 'पांढऱ्या कोटवाली'. स्वतःला ज्युरी म्हणवून घेत आम्ही दर शनिवारी होडीवाल्याला जन्मठेप ठोठावत असू. इथे सिंगापुरात ज्युरी नाही, आपल्याकडेही नाही, त्यामुळे रस्त्यावरची साधी माणसं एखाद्याचा निकाल लावतात याचं सगळ्यांना भारी अप्रूप. चीफ कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून, एक अक्षर न बोलता बघायचे. पुण्याचा नितीन बँकेच्या आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि सगळ्यात जोरात बोलायचं काम त्याच्याकडे असतं. तो एकदा म्हणाला, "चीफ, तुमचं मत काय?" चीफ म्हणाले, "अजून बचावाची बाजू व्हायचीये." यावर खूप हसलो आम्ही.

निकाल आला तेव्हा इथे सकाळ होती. मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभी होते, फोन थरथरला. ग्रुपवर नितीनचा मेसेज होता: "होडीवाला निर्दोष!!!" खाली रागाने लाल झालेल्या चेहऱ्यांची रांग. पाठोपाठ मेसेजवर मेसेज. कोर्टाबाहेर पोस्टर घेऊन ओरडणाऱ्या बायकांचे व्हिडिओ, ज्युरीतल्या माणसांना घातलेल्या शिव्या, बुडालेल्या बाईचे लग्नातले फोटो. मी मात्र पहिल्या मेसेजवरच अडकले होते. तो शब्द मी त्याआधी एकदा वाचला होता.

माझी ताई, शुभा, सांगलीला दिली होती. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ती सासरच्या गच्चीवरून खाली आली. कपडे वाळत घालताना पाय घसरला, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी धुणं झालंच नव्हतं, असं शेजारच्या बाईने आधी पोलिसांना सांगितलं आणि कोर्टात आठवत नाही म्हणाली. खटला चालला, आणि एके दिवशी मिरजेतल्या आमच्या घरी पेपरात छापून आलं: विवाहितेच्या मृत्यूप्रकरणी पतीची निर्दोष मुक्तता. अण्णांचं, माझ्या वडिलांचं, तंतुवाद्यांचं दुकान होतं. रस्त्याकडे तोंड करून, सतारीच्या भोपळ्याला पॉलिश करत गप्पा मारणारा माणूस तो. त्या दिवसापासून मागच्या खोलीत बसू लागले. ताईचा फोटो त्यांनी भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवला. कोणी विचारलं तर काय सांगायचं... पडली म्हणायचं, की पाडली? कोर्टाने तो निर्दोष आहे असं सांगून टाकलं होतं. म्हणजे मग आम्ही खोटे. अण्णा गेले तेही मागच्या खोलीतच. सिंगापुरात मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. मला एक भाऊ आहे एवढंच इथल्या लोकांना माहीत होतं.

तेव्हा त्या सकाळी ग्रुपवर चीफचा एकच मेसेज आला: "निर्दोष कोण म्हणालं? ज्युरी नॉट गिल्टी म्हणाली." झालं, मोहोळ उठलं. दुपारपर्यंत चीफ खुन्याचे पाठीराखे ठरले होते. शनिवारी सगळे जमले ते खटला बघायला नाही, चीफना जाब विचारायला. काकूंनी कोलंबीची खिचडी केली होती, माझ्यासाठी वांगीभात. ताटं हातात तशीच राहिली.

"बायकोला बुडवून तो मोकळा फिरणार, आणि तुम्ही शब्दांचा कीस काढताय?" नितीन म्हणाला.

"शब्दाचाच प्रश्न आहे. सरकारला सिद्ध करता आलं नाही, एवढंच ज्युरीने सांगितलं."

"दोन्ही एकच!"

"एक नाही."

"बरं, तुम्ही ज्युरीत असता तर काय केलं असतं?"

चीफनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मीही तेच म्हटलं असतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "तुमची बहीण असती तर?" आणि ताट तसंच टेबलावर ठेवून निघून आले. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या क्षणी तिथे बसून वांगीभात खाणं मला जमण्यासारखं नव्हतं.

पुढे काही आठवडे चीफच्या घरी शनिवारी कोणी गेलं नाही. ग्रुपवर त्यांच्या सुप्रभातालाही उत्तर येईनासं झालं. काकू मला बाजारात भेटल्या, म्हणाल्या, "चिवडा करून ठेवलाय, घेऊन जा. आम्ही दोघं किती खाणार?" मी बरं म्हटलं आणि गेले नाही. लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबली की मी फोनमध्ये डोकं घालायची. रेवा ज्युनियर कॉलेजात आहे, तिच्यापासून काही लपत नाही. ती इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "मम्मा, चीफ आजोबा इज राइट, व्हॉट. नॉट गिल्टी मीन्स दे कान्ट प्रूव्ह ओन्ली. आम्हाला क्लासमध्ये शिकवलंय." मी तिला अभ्यास कर म्हटलं. इंग्रजीतलं ते वाक्य मला समजलं होतं, पण कुठे लागलं नाही. मला जे लागलं होतं ते मराठीत छापलेलं होतं.

तिकडे अमेरिकेत ज्युरीतल्या एका म्हाताऱ्या बाईने टीव्हीवर मुलाखत दिली. शाळेची बस चालवायची ती. रडत होती, निकालापासून झोप नाही म्हणत होती. तिच्या घरावर कोणीतरी रंग फेकला होता. आमच्या ग्रुपवर त्याचाही व्हिडिओ आला आणि खाली 'ढोंगी' असा शेरा.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात चीफ, चालायला जायचे बूट घालून. "कोपी प्यायला चल," म्हणाले; इथे कॉफीला कोपीच म्हणतात. "मी बोलणार नाही. तू बोल." नाही म्हणायचं ठरवूनही मी चपला घातल्या. खालच्या कॉफीवाल्याकडून त्यांनी स्वतःसाठी बिनसाखरेची काळी कोपी घेतली, मला दुधाची. दोन्ही पेले घेऊन आम्ही ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, बुद्धिबळाचा पट कोरलेल्या त्या सिमेंटच्या टेबलापाशी बसलो. ते कोपीवर फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, "सख्खी, की चुलत?"

तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं. ते म्हणाले, "अशा वेळी सगळे म्हणतात, तुमची मुलगी असती तर. तू बहीण म्हणालीस."

मग मी सांगितलं. गच्ची, धुणं, शेजारीण, पेपर, अण्णांची मागची खोली, कपाटातला फोटो... सगळं. एवढ्या वर्षांत कधी सलग सांगितलं नव्हतं, त्यामुळे मागचं पुढे आणि पुढचं मागे होत होतं. सांगताना एकीकडे मी त्यांच्या त्या प्रश्नाची वाट बघत होते. आता विचारतील, तू बघितलंस, की तुला वाटतंय? विचारलंच तर कोपी तोंडावर फेकून निघून जायचं, इथपर्यंत माझी तयारी होती. त्यांनी विचारलं नाही. कोपी गार झाली. शेवटी म्हणाले, "पेपरात काय छापलं होतं, पुन्हा सांग."

"पतीची निर्दोष मुक्तता."

"कोर्टात ते तसंच लिहितात. छापील शब्द आहे तो. कोर्ट म्हणालं, आमच्यापुढे जेवढं आलं त्यात आम्हाला सिद्ध झालेलं दिसलं नाही. हे कोर्टाने स्वतःबद्दल सांगितलं, वीणा. तुझ्या ताईबद्दल नाही. तुम्ही खोटे आहात असं तर त्यात कुठेच नाही." मग म्हणाले, "निर्दोष म्हणू नकोस. सुटला म्हण. खरं तेवढंच आहे. सुटला."

मी रडले. ते उठून गेले नाहीत, की समजूत काढली नाही. पटावरच्या एका चौकोनात कोपीचा थेंब सांडला होता, तो अंगठ्याने पुसत बसले. जाता जाता म्हणाले, "आणि तो होडीवाला... त्यानेच केलं असं मला वाटतं. पहिल्या दिवसापासून वाटतं. पण वाटण्यावर माणसाला जन्मभर आत नाही टाकता येत गं." मग हे शनिवारी सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. तर म्हणाले, "कोणी विचारलंच नाही. नितीनने विचारलं, ज्युरीत असता तर. त्याचं उत्तर दिलं."

त्याच दुपारी मी आईला फोन केला. आई मिरजेत भावाकडे असते. मी तिला म्हटलं, तो निर्दोष ठरलेला नाही, नुसता सुटलाय. तिने दोनदा ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोण म्हणालं?"

"खालच्या मजल्यावरचे काका."

"वकील आहेत?"

"नाही. बोटीवर इंजिनियर होते."

"मग त्यांना काय कळतंय कोर्टातलं," असं म्हणून तिने फोन भावाकडे दिला. मला वाटलं, संपला विषय. पण त्यानंतर ताईच्या तिथीला भावाने घरातला फोटो पाठवला, नैवेद्याच्या पानाचा, तर मागच्या भिंतीवर अण्णांच्या शेजारी ताई होती. हार घातलेली. भावाला विचारलं तर म्हणाला, आईनेच कपाटातून काढायला लावला, आणि आता कोणी आलं आणि विचारलं तर सरळ सांगते, पाडली तिला आणि तो सुटला. आवाज चढवत नाही, रडत नाही. एवढं बोलते आणि चहा टाकते.

हे चीफना सांगायला गेले तेव्हा ते बतांगच्या तुकड्यांना हळद-मीठ लावत होते. ऐकून नुसतं "बरं झालं" म्हणाले. तेव्हा मी इतके दिवस मनात असलेलं विचारून टाकलं. "सगळ्या जगाला विचारता. मला का नाही विचारलंत त्या दिवशी? बघितलंस, की वाटतंय?"

"तू बघितलं नव्हतंस, हे मला माहीत होतं. उत्तर माहीत असलं की मी विचारत नाही."

"मग तरी विश्वास ठेवलात?"

त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले. "मी काय ज्युरीत बसलो होतो का तिथे?" म्हणाले. "मी शेजारी होतो." आणि काकूंना तांदळाचं पीठ कुठे आहे ते विचारायला गेले.

शनिवार हळूहळू पुन्हा सुरू झाले. लोकांना दुसरा काहीतरी विषय मिळाला आणि होडीवाला मागे पडला. नितीन सगळ्यात शेवटी आला, पण आला, आणि चीफनी त्याला चिवड्याची बशी अशी पुढे केली की जणू तो मागच्या आठवड्यातही आला होता. जुना हिशेब काढायचा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांचं मत कोणाला पटलं असं मात्र मी म्हणणार नाही. नितीन आजही म्हणतो की ज्युरी मूर्ख होती. मला स्वतःला विचाराल तर त्या होडीवाल्याचा चेहरा आठवला की आजही राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

चीफ गेले त्या सकाळी डॉक्टर येऊन दाखला देऊन गेले. हृदय झोपेतच थांबलं असणार, म्हणाले. त्यांचा मेलबर्नला असलेला मुलगा रात्रीच्या विमानाने आला. इथलं दहन मंडाई नावाच्या ठिकाणी होतं. "शेवटी आपल्याला मंडईतच जायचंय, पिशवी बरोबर घ्या," हा चीफचा जुना विनोद. तिथे रांगेत उभं असताना नितीनने तो मला हळूच ऐकवला आणि ढसाढसा रडला. मुलगा काकूंना मेलबर्नला चल म्हणत होता. काकूंनी बघू म्हटलं. अजून बघतायत.

आता मी ऑफिसातून आले की आधी सातव्या मजल्यावर उतरते. परवा गेले तेव्हा टीव्ही बंद होता आणि काकू चीफच्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. इतके दिवस ती रिकामीच ठेवली होती. मी चहा टाकला. त्या एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी फोनवर मी तुला म्हटलं, गेले असं वाटतंय."

"हो."

"खोटं बोलले मी. मी उठले तेव्हाच हात लावून बघितला होता. मला माहीत होतं. पण 'गेले' एवढंच म्हणायला तोंड उघडेना गं... म्हणून 'वाटतंय' लावलं. आणि लावल्यावर भीती वाटली, आता ही पण विचारणार. यांच्याच तालमीतली तू." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तू विचारलं नाहीस."

"मी शेजारी राहते, काकू," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. चहा झाला होता. मी कप घेऊन वळले तोवर त्या खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात आल्या आणि मी बंद केलेल्या गॅसच्या बटणाला त्यांनी हात लावून बघितला.